चौथ्या खांबाखालची विहीर

१२ नोव्हेंबर १९४४, रविवार
उपासनेला करुणाला नवं झबलं घातलं. चार जणींनी विचारलं, कापड कुठलं? कंट्रोलच्या दुकानात इतकं तलम मिळत नाही. नुसती हसले. ह्यांच्या कचेरीतल्या जुन्या नकाशांचं आहे. काम संपलं की ड्राफ्ट्समन लोक ती ट्रेसिंगची कापडं घरी आणतात. उकळत्या पाण्यात सोडा घालून भिजवली की खळ सुटते, शाईही जाते, उरतं ते मऊ सुती. सगळ्यांच्याच घरी चालतं. मागच्या आठवड्यात ट्रंकेवरची एक गुंडाळी भिजवली, तीत एक झबलं आणि सहा रुमाल निघाले. रुमाल चर्चच्या विक्रीला दिले.

दुपारी हे मैदान दाखवायला घेऊन गेले. छावणीतलं नवं फुटबॉलचं स्टेडियम, नकाशे सगळे ह्यांच्या हातचे. भोवती मातीचे बांध, त्यांवर दगडी पायऱ्या, सोळा. पूर्वेला साहेबलोकांसाठी छपराची गॅलरी व्हायची आहे. मधोमध उभी राहून करुणाला हाक मारली तर चारी बाजूंनी माझाच आवाज आला. मूल घाबरून रडलं. मलाही बरं वाटलं नाही.

१७ नोव्हें.
हे चिडून आले. साहेब काल पाच वाजता पूर्वेला खुर्ची टाकून बसला, ऊन थेट डोळ्यांत. म्हणे छप्पर पश्चिमेला न्या, सूर्य पाठीशी हवा.
"मग न्या की," मी म्हटलं.
"तिकडे जुनी मोटेची विहीर बुजवलीय. मुरूम टाकून सपाट केली, वरून पत्ता लागत नाही. बुजवण्याआधी मी हद्दीच्या दगडापासून मोजून नकाशावर घेतली होती म्हणून बरं. तिला टाळून खांब घालू."
नकाशा कुठे, विचारलं.
"ट्रंकेवर. थोडी शाई द्यायची राहिली म्हणून घरी आणला होता."

१८ नोव्हें.
हे सगळं घर शोधत होते. मीही त्यांच्याबरोबर शोधलं. कपाटामागे, पाटाखाली. ठाऊक असून शोधणं फार कठीण.
हे गेल्यावर झबलं उन्हाला धरलं. डाव्या काखेखाली फिकट गोल आहे, चिंचोक्याएवढा. त्याच्यापासून निघालेली एक रेघ शिवणीपाशी तुटते. पुढचे आकडे रुमालांत गेले.
विहीर आहे. कुठे आहे, ते माझ्या कात्रीने गेलं.

२१ नोव्हें.
ह्यांना वाटतं कचेरीतच कुठे गहाळ झाला. आठवणीवरून मापं बसवली. विहीर छपराच्या बाहेर पडते म्हणतात, उत्तरेला. "माझ्या हातचं मोजलेलं आहे, विसरेन कसा?" खड्डे खणायला घेतले. खांब आठ.
सांगायला हवं. पण मिलिटरीचा कागद, लढाईचे दिवस. नोकरी जाईल, वर चौकशी. प्रार्थनेला बसले, शब्द येईनात. नुसते गुडघे दुखले.

२६ नोव्हें., रविवार
प्रवचन कशावर होतं, सांगता येणार नाही. लोकांच्या हातांतले रुमाल पाहत होते. सलोमीबाईंकडे दिसला. शाळेतून निवृत्त झालेल्या, नजर अजून तीक्ष्ण.
"सगुणाबाई, प्रार्थनेत डोळे मिटतात, म्हटलं आठवण करून द्यावी."
रुमाल पाहू का म्हणाले. दिला. कोपऱ्यात काहीतरी पुसट होतं म्हणे, "रिठ्यात दोनदा उकळला तेव्हा गेलं. तुम्ही धुता तशी मी धुवत नाही, डाग ठेवून."
पांढरा स्वच्छ. बाकीच्या पाचांचा पत्ता नाही. दोन पुण्याला गेले असं कळतं.

२ डिसें.
खांब उभे राहिले, त्यांवर गॅलरीच्या पायऱ्या आणि छप्पर चढतंय. काम फार भराभर. रात्रपाळीचे मजूर लावलेत.
आंघोळ घालताना करुणाच्या काखेखाली बोट गेलं की मी हात मागे घेते. अंगावर काही नाही. झबलं तर दोरीवर असतं.

५ डिसें.
ती जमीन मिलिटरीने घेण्याआधी दगडूबाबाची होती. केडगावात मुलीकडे असतो. डोळ्यांत फूल पडलंय, उजेड-अंधार तेवढा कळतो. ह्यांना न सांगता टांगा करून त्याला आणला. जेवणाची सुट्टी, मैदान ओस.
आधी म्हणाला, "काय वळखू बाई, समदं बोडकं केलंय." मग विचारलं, खाली बांधाला बाभळ हाय का अजून? आहे, आडवी वाढलेली. तिथे न्यायला सांगितलं. धाव तिथे संपायची, बैल मोट ओढत तिथवर उतरायचे.
बाभळीला हात लावला आणि पाठ फिरवून मागे मागे चालू लागला. मी म्हटलं बाबा पडाल. "बैल मागं मागंच वर येत्यात. मीबी तसाच यायचो, कासरा धरून. पावलं कदी मोजली न्हाईत, पाठीला कळतं."
तोंडाने बैलांना चुचकारत होता. हात असे, की दोऱ्या धरल्यात. मैदानाचा बांध मधे आला तर चढला, थांबला नाही. पायऱ्या उतरला. मी शेजारी, धरायला भ्यायले. छपराखाली शिरला आणि पाठ खांबाला टेकली तेव्हा थांबला.
उत्तरेकडून चौथा.
"हितं थारोळं. मोट हितं रिकामी व्हायची. विहीर पाठीमागं."
बुजवली कशी, विचारलं.
"दोन दिसांत. वरनं मुरूम, खाली कायबाय टाकलं. पानी हाय अजून. आटली न्हाई कदी." मग खांबाला कान लावून उभा राहिला. मला म्हणाला, तुमी बी ऐका.
मी नाही लावला.

९ डिसें.
सांगितलं. हे पेन्सिलीला टोक करत होते. सगळं ऐकून उठले, दोरीवरून झबलं काढलं, दारात उजेडाला धरलं. कितीतरी वेळ.
"सोडा चांगला होता," एवढंच म्हणाले.
झबलं घडी करून माझ्या हातात दिलं. जेवले नाहीत.

११ डिसें.
हे साहेबाकडे गेले. चौथ्या खांबाशी चाचणीचा खड्डा घेऊ द्या म्हणाले. साहेब: कागद दाखव. हे: माझ्याकडून हरवला. माझं नाव नाही काढलं. साहेब म्हणाला, आंधळ्या म्हाताऱ्याच्या पाठीवर विसंबून मी गॅलरी खणणार नाही, तीस तारखेला सामना आहे. ह्यांच्या सर्व्हिस बुकात शेरा लिहिला.
"चौकशी नाही ना?" मी विचारलं.
"तुझ्याबद्दल नाही," म्हणाले.
ह्यापेक्षा रागावले असते तर.

२४ डिसें., रविवार
सगळ्या मंडळ्यांची एकत्र उपासना स्टेडियमवर. पंधराशे तरी माणूस. सोल्जरांचा बँड. गीत सुरू झालं तेव्हा पूर्व, उत्तर, दक्षिण, तिन्हीकडून सूर लगेच परत येत होता. छपराच्या बाजूने उशिरा. जरा खालून. शेजारणीला विचारलं, तुला वेगळं वाटतं का? तिला नाही वाटलं.
पाळकसाहेब चौथ्या खांबाच्या वरच्या पायरीवर उभे होते. त्यांच्या पायांकडे पाहत राहिले. प्रभू, क्षमा कर, तुझ्याकडे लक्ष नव्हतं.

२७ डिसें.
चौथ्या खांबाशेजारी भिंतीला केसाएवढी चीर. छातीच्या उंचीला. हे म्हणतात नव्या बांधकामाला अशी पडते. कदाचित पडतेही. ह्यांनी घरून कणकेची खळ करून नेली आणि चिरेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवली, वर तारीख. खांब खचला तर कागद फाटेल. जुने मिस्त्री असंच पाहतात म्हणे. आता रोज सकाळी कामाच्या आधी जाऊन बघायचं.

२९ डिसें.
काल अखंड. आज अखंड. पण दोन्ही दिवस गॅलरी रिकामी होती.

३० डिसें., शनिवार
सामना चारला. आम्हा नोकरांच्या बायकांना पूर्वेच्या बांधावर जागा. समोर छप्पर खचाखच, साहेब, मडमा, मागे सोल्जर दाटीने उभे. ह्यांना दाराशी नेमलं होतं, जागा सोडता येईना. मला म्हणाले, अर्ध्या वेळेला तू जाऊन बघ.
करुणाला सलोमीबाईंकडे दिलं आणि बांधाच्या मागून वळसा घालून गेले. गॅलरीखाली सावली, वर हजार बूट. चौथ्या खांबाशी एक सोल्जर भिंतीला टेकून उभा, पोरगेलाच, पाठ नेमकी कागदावर. सिगारेट ओढत होता. जरा सरका, एवढंच म्हणायचं होतं. मॅट्रिकला इंग्रजीत बरे गुण होते. तोंड उघडेना. म्हणाले तर विचारेल, का?
त्याला वाटलं मला मैदान दिसत नाही. हसून अर्धी जागा करून दिली. शेजारी उभी राहिले. खेळ पुन्हा सुरू झाला, गोल झाला, वर सगळे एकदम उठले, भिंत माझ्या खांद्याला लागली. का मीच तिला लागले. तो शेवटपर्यंत हलला नाही, आणि शिट्टी झाल्यावर शिपायांनी आम्हा सगळ्यांना लोटत बाहेर काढलं. दारं लावली.

उद्या रविवार, कुलूप. सोमवारी एक तारीख, पुन्हा सामना. हे म्हणाले, पहाटे किल्ली मागून बघून येतो. मी म्हटलं, मीही येते. कागद फाटलेला असो नसो, साहेबाला मी सांगणार, कापड मी धुतलं, खड्डा घ्या.
"तुला काय करतील ठाऊक आहे?"
"तुम्हाला?"
ह्यांनी दिव्याची वात वर केली. मग म्हणाले, इंग्रजीत सांगावं लागेल.
तेव्हापासून ह्या पानामागे वाक्य लिहून बघते आहे. तीनदा खोडलं. 'धुतलं' इथवर येतं, पुढे जात नाही.