पावसात आलेलं सोंग

प्रिय सेलिना,

हे पत्र बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच. मधेच थांबून डोळे पुसत बसायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

नाताळ होऊन दोनच दिवस झाले होते. तुझे बाबा आणि अझरायाकाका सकाळी होडी घेऊन खाडीपलीकडे लाकडं आणायला निघाले. मी अडवलं. सबंध न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला बर्फाचा आणि पावसाचा इशारा आहे, असं रेडिओवर नुकतंच सांगितलं होतं. बाबा म्हणाले, “रेडिओवाला कधी होडीत बसलाय का? चहा ठेव, आलोच.” दुपारी ईशान्येचा वारा सुटला आणि बर्फ असा पडायला लागला की आधी धक्का दिसेनासा झाला, मग मासे खारवायची खोली, मग आपलं कुंपणसुद्धा. मी खिडकीशी उभी होते. काच पुसायची, बाहेर पाहायचं, पुन्हा पुसायची. मला भीती वाटत होती, सेलिना, आणि ती सांगायला घरात कोणी नव्हतं.

मग वारा फिरला आणि बर्फाच्या जागी पाऊस पडायला लागला. आपल्याकडे पाऊस लागला की वादळ सरलं असं सगळेच धरून चालतात. शेजारचे हेस्टर आणि जोब मनुकांचा केक घेऊन आले. हेस्टर म्हणाली, “सुटलो गं बाई. ते दोघं तिकडे अझरायाच्या सासुरवाडीत शेगडीपाशी पाय पसरून बसले असतील, आणि तू इथे उपाशी.” मलाही ते पटवून घ्यायचं होतं. पण पाऊस पडेल तिथे गोठत होता. कपड्यांची दोरी मनगटाएवढी जाड झाली होती.

अंधारून येताना दारावर थाप पडली. आपल्या गावात दार वाजवतं कोण? सोंगं, नाहीतर पाद्री. बाकी सगळे दार ढकलून सरळ चुलीपाशी येतात. नाताळाचे बारा दिवस चाललेले, तोंडं झाकून घरोघर नाचत फिरायचे, तेव्हा जोबनं खुशीत उठून दार उघडलं आणि ओरडला, “या, सोंगांना दार मोकळं आहे.”

एकच सोंग आत आलं. अंगावर मेणकापडाचा डगला, त्यावर बर्फाचं कवच, तोंडावर पिठाची पिशवी गुंडाळलेली. बोलत नव्हतं. आवाज ओळखू येऊ नये म्हणून सोंगं श्वास आत ओढून बोलतात ना, तसं नुसतं घरघरत होतं. रिवाजाप्रमाणे आम्ही आत कोण आहे ते ओळखायला लागलो. जोब म्हणाला, “हा मोझेस. पाठ बघा, तशीच वाकडी.” हेस्टरनं त्याला डावानं ढोसलं आणि म्हणाली, “छे, मोझेस एवढा वेळ गप्प बसेल होय?” आणि मी, सेलिना, मी म्हणाले, “नाचल्याशिवाय केक मिळायचा नाही.” त्यानं एक पाय उचलला, मग दुसरा. जोबनं टाळ्या धरल्या. मी हसले. दिवसभराची भीती त्या हसण्यात बाहेर पडत होती, म्हणून जरा जास्तच हसले.

मग ते गुडघ्यांवर बसलं. तेही आम्हाला सोंगातलंच वाटलं. त्यानं डगल्यातून हात काढला आणि माझ्या पायाशी एक हातमोजा टाकला. राखाडी, लाल अंगठ्याचा. लोकर कमी पडली म्हणून मी अंगठा लाल विणला होता, आणि बाबा महिनाभर त्यावरून मला चिडवत होते.

वाऱ्यापासून तोंड वाचवायला बांधलेली ती पिशवी दाढीला गोठून चिकटली होती. कोमट पाण्यानं आणि तळव्यांनी ती सोडवली. आतून अझरायाकाका निघाला. जबडा हलेना. बऱ्याच वेळानं बोलला, “होडीखाली आहे तो. पाय चेचलाय.” परत येताना खाडीच्या अलीकडे, सुळक्यामागच्या खाचेत होडी खडकावर आदळली होती. बाबांना उलट्या होडीखाली ठेवून काका डोंगरावरून चालत आला होता. तो दारात पोचला, ढकलायचं बळ नव्हतं म्हणून थाप मारली, आणि आम्ही त्याला नाचवलं.

जोब आणि गावातले पुरुष कंदील घेऊन डोंगरावरून गेले. मी दाराकडे पाहत बसले. बाबांना आणलं तर सरळ आत येतील. पण नुसतं सांगायला आले, तर आधी दार वाजवतील, टोपी हातात धरून उभे राहतील. बर्फानं लगडलेली फांदी भिंतीवर आपटली की थाप समजून मी उठून उभी राहायचे. देवाकडे मी एवढंच मागत होते की कोणी दार वाजवू नये.

उजाडताना दार लाथेनं उघडलं. आधी जोबची पाठ दिसली, मग दोन काठ्यांना बांधलेलं शीड, आणि त्यात बाबा. ओठ निळे पडलेले. म्हणाले, “चहा ठेवला होतास ना?” मी त्यांना इतकी बोलले की हेस्टरनं मला आवरलं.

काल नर्सबाई येऊन गेल्या. पाय राहील, दोन बोटांचं सांगता येत नाही म्हणाल्या. काका चुलीपाशी बसून कुरकुरतोय, “वहिनी, नाचवलंत, पण केक काही दिला नाहीत.” सबंध केक त्याच्यापुढे ठेवला. मला मात्र हसू आलं नाही.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. हेस्टरच्या पोटात काही राहत नाही. नाताळाच्या बाराव्या दिवशी तू बोटीतून उतरून आधी तिच्याकडे जाणार, तोंडावर उशीची खोळ चढवून आपल्याकडे येणार, हे तिनं सांगून टाकलंय. दरवर्षी तू पहिलं पाऊल टाकलंस की मी तुला ओळखते, आणि न ओळखल्याचं नाटक करते. मजा तुझी असते, म्हणून. पण काका माझ्यासमोर उभा होता, वीस वर्षं माझ्या ताटाशेजारी जेवलेला, आणि मी त्याला ओळखलं नाही. आता माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. पोरी, या वर्षी तोंड उघडं ठेवून ये. फाटकापासूनच हाक मार. आणि दार वाजवू नकोस, ढकल आणि सरळ आत ये.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई