दोन विहिरींमधलं भुयार

१ मार्च, वरवंड

आले एकदाची! शिरूरहून दोन एसट्या बदलल्या, पाठीवर ही एवढी बॅग, तरी चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मळा गावाबाहेर आहे. चहूकडे ऊस आणि मधे मारुतराव आबांचं स्लॅबचं घर. त्यांच्या पत्नी पुतळाबाईंनी गूळ-पाणी दिलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत बसल्या. त्यांचा मुलगा सम्राट माझा गुरू. विहिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी बुडी मारून काढायचा त्याचा धंदा, म्हणून सिलिंडर, टॉर्च, सगळं घरचंच.

मालवणला पहिल्यांदा समुद्रात उतरले तेव्हापासून डोक्यात हेच आहे, पाण्याखालच्या गुहेत शिरायचं आणि परत यायचं. त्यासाठी आधी पुण्यात डायव्हिंग शिकवणाऱ्या समृद्धी मॅडमकडे गेले होते. त्यांनी पोलिसासारखी उलटतपासणी घेतली. किती वेळा उतरलीस, घरी कुणाला माहीत आहे, त्यांचा फोन दे. वर म्हणाल्या, वर्षभर उघड्या पाण्यात सराव कर, मग बघू. आणि शिक्षक असा निवड जो तुला 'नाही' म्हणू शकतो. झाली स्वतःची जाहिरात करून!

सम्राट फोनवरच हो म्हणाला. त्यानेही घरचं विचारलं. मी खरं ते सांगितलं, घरी वाटतंय कंपनीने मला ट्रेनिंगला चेन्नईला पाठवलंय. त्यावर तो म्हणाला, बरं झालं. मला तेच आवडलं. उपदेश नाही, काही नाही.

३ मार्च

विहीर जबरदस्त आहे. आबांच्या वडिलांची आणि चुलत्यांची वाटणी झाली तेव्हा दोन विहिरी झाल्या. कुणाला पाणी कमी-जास्त नको म्हणून तळाशी भुयार खोदून दोन्ही जोडल्या. भावकीचा न्याय! पलीकडची विहीर उसाच्या आड आहे, इथून दिसत नाही. चुलते विकून-सवरून गेले.

आज डोळे बांधून नुसत्या दोरीच्या आधाराने पोहले. मधेच सम्राटने न सांगता माझी हवा बंद केली. नाकातोंडात पाणी गेलं, मी त्याला ओरबाडलं. वर आल्यावर तो पोट धरून हसला. म्हणाला, घाबरतो तो मरतो. राग आला, पण खरंच आहे ना ते? सरावच आहे हा.

पाण्यात लिहिता येतं म्हणून ही प्लास्टिकच्या पानांची वही घेतली होती. कमरेला बांधून उतरते. छान चालते.

६ मार्च

आज पहिल्यांदा भुयारात गेले. गाळ उठला, टॉर्च असून नसल्यासारखा. भीती वाटली तेव्हा कुणीतरी माझा हात धरला. घट्ट, गार. लहानपणी जत्रेत आई धरायची तसा. मला धीर आला. सम्राटचे मनातल्या मनात आभार मानले.

मागे वळले तर सम्राट माझ्या मागे होता. दोन्ही हात दोरीवर.

जेवताना हे सांगितलं. आबा ताटावरून उठून गेले. पुतळाबाई मात्र लगेच जवळ सरकल्या. "हात गरम हुता का गं? न्हाई म्हंजी, बरी हाय ना ती?"

कोण ती, विचारलं. सम्राट म्हणाला, आईचं मनावर घेऊ नका.

८ मार्च

भिंतीवर एका मुलीचा फोटो आहे. सायली, सम्राटची बहीण, त्याची पहिली शिष्या. फोटोला हार नाही. म्हणून पुतळाबाईंना सहज विचारलं, कुठे असते? त्या म्हणाल्या, "हितंच की. पर एकटीला भ्या वाटतं तिला."

बॅग भरली. जाते म्हणाले. सम्राटने अडवलं नाही. फक्त म्हणाला, पुण्याच्या बाईंचं बरोबरच होतं म्हणा की तुमच्याबद्दल.

हे जिव्हारी लागलं. उद्या शेवटचा सराव. भुयारातून आरपार जायचं, पलीकडच्या विहिरीत वर निघायचं. आबा शिडी लावून बसतील. बाहेर आले की फोटो काढायचा, समृद्धी मॅडमना पाठवायचा आणि घरी जायचं.

९ मार्च

पार केलं. वर आले. वर आकाश नाही.

स्लॅब आहे. विहिरीवर पूर्ण स्लॅब. मधे पाइपाचं भोक, तेवढाच उजेड. शिडी नाही. आबा नाहीत. कडेला एक खडक पाण्याबाहेर आहे, त्यावर बसून लिहिते आहे. ही विहीर मी एकदाही जाऊन बघितली नाही. उसातून चालत जायला काय झालं होतं मला?

परत गेले होते. भुयाराच्या त्या तोंडाला लोखंडी जाळी लागली आहे. पलीकडे सम्राट. टॉर्च माझ्या तोंडावर धरून उभा. मी जाळी हलवली, हात जोडले, पाण्यात रडता येतं हे आज कळलं. मी दमेपर्यंत तो बघत राहिला. मग त्याने टॉर्च बंद केला.

हवा थोडी उरली होती, इथवर यायला पुरली. आता सिलिंडर रिकामा.

नंतर

ओरडले. ऊस. कुणी नाही.

आई, मी चेन्नईत नाही गं. वरवंडला आहे. वरवंडला —

केस विंचरल्यासारखा आवाज येतो. मी विंचरत नाही.

टॉर्च त्या बाजूला नेणार नाही. नाही नेणार.

तारीख माहीत नाही

टॉर्च गेला. भोकाखाली बसून लिहिते. पुतळाबाई आल्या होत्या. भोकाला तोंड लावून बोलत होत्या, मायेने. मी म्हटलं, आजी, मला काढा, पाया पडते, कुणाला सांगणार नाही. त्या म्हणाल्या, "तू व्हय गं? रडू नगं. आता तुमी दोघी हाय ना."

सुतळीला बांधून फडकं सोडलं. दोन भाकरी. दोघी मिळून खावा म्हणाल्या. मग भोकावर काहीतरी ठेवलं. उजेड गेला. अंदाजाने लिहि —

भूक. एक खाल्ली. दुसरी उद्याला, मांडीवर, गच्च धरून —

कुणीतरी ती हळूच ओढ