भुरीची शेपटी

पियुष,

मी भुरी कोकरीले ऑटोत टाकून जनावरांच्या दवाखान्यात नेऊन राहिली. तिच्या जखमेत किडे पडले. धुवासाठी मागची लोकर कात्रीनं कापली, तं आत शेपटीले आवळलेली तुझी रबरी रिंग सापडली. पार बुडाशी लावली गा तू! शेपटी सडून लोंबून राहिली. लेंडीनं मागून घाण होऊ नये म्हणून रिंगनं शेपटी गळून पाडाची, असं मोबाइलवर पाहून केलं असशील. त्याले लोकर कापणंच पुरत होतं. आता माश्या हाकलाले तिच्यापाशी शेपटीच उरणार नाही.

चुकलं ते चुकलं. पण आपल्या काळूनं चावली, असं बाबाले काहून सांगितलं? कुत्र्याले बोलता येत नाही म्हणून?

बाकी दोन कोकरांलेही रिंगा लावल्या असशील तं तू हात लावू नको, डॉक्टरले विचारून मी फोन करते.

बाबाले मी काहीच बोलली नाही. ते तूच सांग. पण आधी गाडी काढ आन् कन्हानच्या पुलापलीकडं जा. काल संध्याकाळी बाबानं काळूले तिथं नेऊन सोडलं. गाडीमागं लय दूरपर्यंत पळत आला म्हणे.

पुलावर उभा राहून आवाज दे. तुझ्याच आवाजावर येते तो.

श्वेता