अब्बांची टिचकी

माजलगाव, रविवार

अब्बांना जाऊन महिना झाला. आज त्यांच्या फळांच्या गाड्यावर चाचांसोबत बसले. गिऱ्हाइकाने टरबूज मागितलं. अब्बांसारखी टिचकी मारून पाहिली. पिकलंय का, काही कळलं नाही.

शेवटच्या सुट्टीत त्यांना माझं काम सांगितलं होतं. अतिथंड अणू एकमेकांवर कसे आदळतात ते दिसत नाही. त्याच अणूंपासून बनलेल्या रेणूवर लेझरचा उजेड टाकायचा, रेणू कोणता रंग शोषतो त्यावरून ते आदळणं ओळखायचं. ते नुसते हसले. नीट सांगता आलं नाही, हे तेव्हापासून खुपतंय.

चाचा गिऱ्हाइकाला म्हणाले, "हिला न्हाई जमायचं. पर भाई लई ऐटीत सांगायचे, माझी पोरगी बी न कापता आतलं वळखती, उजेडाची टिचकी मारून!"

उजेडाची टिचकी. म्हणजे समजलं होतं तुम्हाला. मग मला कावून नाही सांगितलं, अब्बा?