तिसरी चाचणी आणि सहा पेले

११ डिसेंबर

गेली! दुसरी चाचणीही हुकली! डोपिंगची चाचणी घेणारी बाई पहाटे बेलग्रेडला माझ्या दारात, आणि मी नोवी सादला मैत्रिणीकडे घोरतेय. रोज कुठे असणार ते खेळाडूने फोनमधून आधी कळवायचं असतं; पत्ता बदलायचा राहून गेला. पहिल्या वेळी दारावरची घंटा बंद होती. वर्षात तिसऱ्यांदा सापडले नाही की बंदी — एकही गोळी न खाता! मार्चमधली युरोपियन स्पर्धा, गोळाफेक, सगळंच बोंबललं.

१२ डिसेंबर

खेळाडूंना नियमांत मदत करतात त्या योवांकाताईंना फोन केला. वाटलं, झापतील. "अगं रुझित्सा, रडतेस काय? रोजचा एक तास ठरव, त्या तासाला कळवलेल्या पत्त्यावरच राहा. बेत बदलला की आधी पत्ता बदल, मग चपला घाल."

बरं वाटलं. पत्ता बदलायला शिकले. चपला घालता येतातच.

१५ डिसेंबर

वुकमानचा फोन. आमच्या लग्नाला त्याची आत्या अजून तयार नाही. आईवेगळ्या पोराला तिनेच वाढवलं, तेव्हा तिचा शब्द शेवटचा. मला पाहिलेलंही नाही, पण म्हणते, "एवढे दंड औषधाशिवाय होतात होय?"

म्हटलं, सांग तिला, आमचे दंड बटाट्यांवर पोसलेत.

१८ डिसेंबर

गावी आले. उद्या आमच्या घराचा सण, संत निकोलाचा. नाताळाचा उपास चालू, म्हणून मांस नाही, नुसते मासे. ते सध्या न्हाणीघरातल्या टबात पोहताहेत, त्यामुळे माझ्या आंघोळीची सुट्टी.

पत्ता बदलला! तास — दुपारी बारा ते एक. बाबांना बजावलं, अनोळखी बाई आली तर आधी मला हाक मारा.

बाबांना लागलंच. "सणाच्या दिवशी दारात आलेल्याला, तू कोण, काय काम, असं विचारू? या घरात? आधी खाऊ घालायचं, मग काय ते!"

१९ डिसेंबर

आमंत्रण कुणालाच नसतं, त्यामुळे सगळं गाव येतं. मी मागच्या स्वयंपाकघरात मासे तळतेय. तास सरत आला, कुणी नाही. सहज पुढे डोकावले तर — दारात अनोळखी बाई! करडा चेहरा, निळी पिशवी! बाबांनी नुकताच तिच्या तोंडात सणाच्या गोड गव्हाचा भला मोठा चमचा कोंबलेला.

हात धरून ओढलंच. "चला, वेळ संपतोय!"

संडासात नेलं. सदरा छातीपर्यंत वर, विजार गुडघ्यांपर्यंत खाली — नियमच आहे. बाई भिंतीला चिकटली. "नीट समोरून बघा! नंतर तक्रार नको!" नमुन्याचं भांडं मागितलं तर नुसते डोळे वटारले. मीच पिशवी उघडली. आत सहा सुंदर काचेचे पेले. खेळाडूने स्वतः निवडायचं असतं, म्हणून एक निवडला. भरला. तिच्या हातात दिला.

बाईंनी कसाबसा गहू गिळला. म्हणाल्या, "मी वुकमानची आत्या."

२० डिसेंबर

काल पुढे लिहवलं नाही. मेले असते तर बरं!

विजार सावरत पळत बाहेर आले आणि ओरडले, "चाचणीवाली कोण आहे इथे?" टेबलाच्या टोकाला, दोन काकांच्या मध्ये, माशाने तोंड भरलेल्या एका किडकिडीत बाईने हात वर केला. बारापासून तिथेच होती बिचारी! दोनदा कागद काढला म्हणे, दोनदा बाबा म्हणाले, "कागद कुठे पळत नाही, मासा गार होतोय."

एकला अगदी थोडा अवकाश होता. सापडले! वाचले!

पण द्यायला थेंब नाही. सगळं आत्यांच्या पेल्यात! घटाघटा पाणी प्यायचीही सोय नाही, नमुना पातळ होतो. संध्याकाळपर्यंत चाचणीवाली माझ्या मागे मागे — कढईपाशी, अंगणात, काकांच्या नाचातसुद्धा. शेवटी एकदाचं झालं.

आत्या मात्र भेट म्हणून आणलेले, उरलेले पाच पेले टेबलावर ठेवून निघून गेल्या. वुकमानचा फोन बंद आहे. मला रडू येतंय, आणि आईला हसू आवरत नाहीये.

९ जानेवारी

निकाल आला — स्वच्छ! आणि लगेच वुकमानचा फोन. आत्या त्यांच्या सगळ्या चाचाक शहरभर सांगत सुटल्यात, "पोरगी स्वच्छ आहे! प्रयोगशाळेचं काय घेऊन बसलात, मी स्वतः समोर उभी होते!"

रविवारी लग्नाचं बोलायला येताहेत. अट एकच — वाईन त्या पेल्यांतून द्यायची नाही.