न दाखवता येणारा गाव

॥ श्री ॥
वालावल, ता. ४ फेब्रुवारी १९६२

चि. सत्यवान यास परशुरामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व ठीक म्हणायचं, पण माझी झोप उडाली आहे. चुलतभाऊ गंगाराम याच्या बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाने येताना रेडिओ आणला. सारी वाडी आता त्याच्या ओटीवर बसते, आमच्याकडे कुणी पानसुपारीलाही फिरकत नाही. त्यात फोंडाघाटचे भिकाजीशेठ पुढच्या महिन्यात लेक विमला हिच्यासाठी स्थळं बघायला येणार, ते गंगारामकडे आणि आपल्याकडेही. ती तुझ्या मनात भरली आहे हे तुझ्या आईकडून कळलं. शेठ विचारणारच, मुलाने केलं काय? परवा देवळात गंगाराम सगळ्यांदेखत म्हणाला, रे परशा, तुझ्या झिलान मुंबयत काय केल्यान ता दाखव तरी! तू तर लिहितोस की गणितात एक गोष्ट आहे हे सिद्ध केलं, पण ती दाखवता येत नाही. असलं मी चारचौघांत कसं सांगू? मी चौथी शिकलेला. मला कळेल असं लिही. रेडिओपेक्षा मोठं निघालं तर बरं.

जिवाला जप.
तुझा बाबा


मुंबई, ता. ११ फेब्रुवारी १९६२

ती. बाबांस सत्यवानाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

हजार माणसांचा एक गाव धरा. त्यात कुठल्याही दोघांत एक तर बोलणं आहे, नाहीतर अबोला. आता गाव असा हवा, की कुठलेही वीस जण घ्या, ते सगळेच एकमेकांशी बोलणारे नसावेत आणि सगळ्यांचाच एकमेकांशी अबोलाही नसावा. असा गाव असू शकतो का? मांडून शोधायला जन्म पुरणार नाही. म्हणून समजायचं, की प्रत्येक जोडीसाठी देवाला कौल लावला. मूर्तीवर लावलेली पाकळी उजवीकडे गळली तर बोलणं, डावीकडे गळली तर अबोला. असे जेवढे गाव होतील, त्यांत नको असलेले विसांचे गट गावामागे सरासरी किती, एवढंच मोजायचं. ते एकाहून फारच कमी भरतात. मालवणच्या बंदरात होडीमागे सरासरी एकाहून कमी सुरमई पडली, तर एक तरी होडी रिकामी आलीच असणार. ती कुठली, हे बघावं लागत नाही. सुरमई म्हणजे नको असलेला गट, आणि रिकामी होडी म्हणजेच आपल्याला हवा तो गाव. रीत परदेशी गणित्यांची आहे. मी तिच्या आधाराने एक लहानशी नवी गोष्ट सिद्ध केली.

ही रेडिओसारखी वाजणार नाही, बाबा. आईस नमस्कार. आपली माया आहेच, ती अशीच असू द्या.
आपला
सत्यवान


वालावल, ता. १२ मार्च १९६२

चि. सत्यवान यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

रागावू नकोस. शेठना दाखवायला तो गाव तयार असावा म्हणून मी देवळात कौल लावायला गेलो. पहिली जोडी माझी नि गंगारामची. पाकळी डावीकडे गळली. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. दुसऱ्या जोडीला शंकर गुरव भडकला, म्हणाला, देवाक दुसरा काय काम नाय? आणि मला पायरीखाली उतरवलं.

काल शेठ विमलाला घेऊन आले. आधी गंगारामकडे रेडिओ ऐकत चहा झाला, मग इकडे. मी घाम पुशीत गाव, कौल, होडी सगळं सांगितलं. मागोमाग येऊन बसलेला गंगाराम म्हणाला, म्हणजे झील रिकामी होडी घेऊन इलो! शेठसुद्धा हसले. तेवढ्यात आतून विमलाने विचारलं, की सरासरी एकाहून फारच कमी, तर बहुतेक होड्या रिकाम्याच असणार, मग त्यातली कुठलीही एक धरून का दाखवत नाहीत? मी तुझं पत्र काढून चाळलं, त्यात हे नव्हतं. शेठ लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. निघताना म्हणाले, हिला सत्यवानाचं उत्तर येऊ दे, मग ठरवू.

मला आनंद व्हायला हवा होता. पण तुझं पत्र मी महिनाभर उशाशी घेऊन वाचलं, आणि ती पोर एकदा ऐकून पुढचं विचारती झाली. आता तू तिलाच पानंच्या पानं लिहिशील आणि मला खुशालीचं कार्ड. गंगारामवर जळायची मला सवय आहे, होणाऱ्या सुनेवर जळायची नाही.

उत्तर लवकर लिही, तिला पटेल असं लिही. मात्र पाकीट माझ्या नावाने टाक. आधी मी वाचीन, समजेपर्यंत वाचीन, मगच फोंडाघाटची गाडी धरीन. तोवर तिने थांबावं.

थोडा लोभ इकडेही शिल्लक ठेव.
तुझा बाबा