उजव्या गुडघ्याच्या फायलीत डावा गुडघा

तीर्थरूप एमिलमामांना जोलीनचा नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असणार असं मी धरून चालते, कारण मंगळवारपासून तुम्ही माझा फोन उचललेला नाही, आणि आजारी माणसाला इतका नेटाने राग धरता येत नाही. मका किती काढून झाला? इकडे आई बरी आहे. रविवारी तुम्ही तिचे खसखशीचे पाव न घेताच गेलात, म्हणून तीही रागावलेलीच आहे. तुमचा राग कशाचा ते मला माहीत आहे. पण त्या सकाळी आमच्या दवाखान्यात काय चाललं होतं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून हे पत्र. बसून वाचा, पाय लांब करून.

मी तिथे बसून नेमकं काय करते हे तुम्ही अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाहीत, तर आता ऐकाच. रेनाटा व्यायाम देते आणि मी बिलं आणि कागद सांभाळते. जुलैत तुमच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने तुम्हाला तो पट्टा दिला. घरी गुडघा किती वाकतो ते त्यावरून आम्हाला इथे दिसतं. पण विमा कंपनी त्याचं बिल तेव्हाच मानते, जेव्हा तीस दिवसांत निदान सोळा दिवसांच्या नोंदी असतात, आणि महिन्यात रेनाटा तुमच्याशी निदान वीस मिनिटं बोललेली असते, तेही काय बोलणं झालं ते लिहून. रेनाटा पेशंट सांगेल ते जसंच्या तसं लिहिते. (श्रीमती होलब एकदा म्हणाल्या, गुडघ्यात बेडूक बसलाय. तिने तेच लिहिलं. त्या बेडकाबद्दल कंपनीची दोन पत्रं आली.)

तुमच्या नोंदी रोज दोनदा यायच्या. सकाळी सहाला गुडघा ब्याऐंशी अंश वाकायचा आणि दहाला एकशे अठरा. रेनाटा इतकी खूश, की तिने फायलीत लिहिलं, ‘सकाळचा आखडलेपणा दहापर्यंत जातो.’ महिन्याला सव्वीस दिवस भरत होते. असा पेशंट मिळायला भाग्य लागतं, असं ती मला दोनदा म्हणाली आणि मीही मान डोलावली. (माझाच मामा ना.) तुम्ही धान्याच्या उंच कोठीवर शिडीने चढायची परवानगी मागत होतात, ती तिने मंगळवारी सकाळी नऊला फोनवर पाठवून दिली.

साडेनऊला विमा कंपनीच्या तपासनीस बाई आल्या, प्रूइट नावाच्या. स्वतःचा थर्मास घेऊन आलेल्या, आमची कॉफी नको म्हणाल्या. बारा फायली मागितल्या. अशा तपासणीत काही भलतं सापडलं तर रेनाटाला पुढे विम्याचे पेशंटच घेता येत नाहीत, आणि या गावात विम्याशिवाय कोण येतंय? सात फायली बिनबोभाट गेल्या. आठवी तुमची. बाई वाचत होत्या, मी त्यांच्या बोटाकडे पाहत होते. बोट थांबलं.

“ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं,” त्या म्हणाल्या. “एकोणीस तारखेला फोनवर दुखतोय तो डावा, आतल्या बाजूने. हे कसं?”

टायपिंगची चूक, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंडही उघडलं होतं. आणि मला आदला रविवार आठवला. तुमचा शेजारी डेल्मर चर्चच्या पायऱ्या काठीशिवाय चढून गेला आणि मागून तुम्ही दोन्ही हातांनी कठडा धरून आलात. वेळ सकाळी दहाची. डेल्मर वसंतात ट्रॅक्टरवरून पडला तो डाव्या गुडघ्यावर, आणि त्याच्या विम्याने त्याला उपचाराच्या सहाच खेपा दिल्या, हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे एकशे अठरा तुमचे नव्हतेच, दहाला पट्टा डेल्मरच्या पायावर असायचा. त्या एकोणीस तारखेला तो तुमच्या स्वयंपाकघरात बसून कुठे दुखतं ते सांगत होता आणि तुम्ही ते फोनवर रेनाटाला सांगत होतात, आणि तिने दिलेले व्यायाम तो करत होता. तुमचा स्वतःचा गुडघा ब्याऐंशीवरच अडकलेला, आणि खिशात शिडीची परवानगी.

मी उठले.

“कुठे निघालात?”

“चूक टायपिंगची नाही, बाई. हा गुडघाच दुसऱ्याचा आहे. आणि ज्याची फाइल आहे तो आत्ता शिडी चढत असेल.”

तुम्ही फोन उचलला नाहीत. डेल्मरच्या घरी आर्लीनने उचलला. “एमिल ना? कोठीवर चढतोय. आमचे हे खाली शिडी धरून उभे आहेत.” मी म्हटलं, आधी उतरव मामाला. मग दार आपटलं, आर्लीन ओरडत गेली, आणि तुम्ही खाली उतरून मला जे म्हणालात ते मला दवाखान्यात स्पष्ट ऐकू आलं. ते ऐकून मी जमिनीवर बसून रडले, आनंदाने.

रेनाटा आखडलेपणाची ओळ खोडायला गेली तर प्रूइटबाई म्हणाल्या, “खोडू नका. खाली आजची तारीख घालून खरं लिहा.” तिने लिहिलं. मग बाईंनी आणखी तीस फायली मागितल्या. मामा, ते तीन दिवस आम्ही दोघी जेवलो की नाही ते मला आठवत नाही. शुक्रवारी बाकीच्या सगळ्या स्वच्छ निघाल्या. तुमची तीन महिन्यांची बिलं मागे घेतली, लेखी ताकीद मिळाली आणि दवाखाना राहिला. निघताना बाईंनी विचारलं, “त्या दुसऱ्या माणसाचा गुडघा एवढा कुणी बरा केला?”

“मी,” रेनाटा म्हणाली. “मला माहीत नव्हतं.”

तुम्ही मला आधी विचारलं असतंत तर काही मार्ग काढला असता. आता तुम्ही माझ्यावर रागावणं सोडा, म्हणजे मला तुमच्यावर रागावता येईल.

तुमची भाची,
जोलीन

ता. क. – सोबतच्या कागदावर घडलं ते सगळं लिहिलं आहे. वाचून सही करा. डेल्मरचं नाव त्यात नाही. ‘शेजारी’ लिहिलंय.

ता. क. २ – या पत्राचं खरं कारण हे, की येत्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत डेल्मरला घेऊन या. रेनाटा त्याला फुकट तपासणार आहे आणि त्याच्या विम्याला पत्र लिहिणार आहे.

ता. क. ३ – पाकीट चिकटवता चिकटवता पट्ट्याच्या आजच्या नोंदी आल्या. सहाला ब्याऐंशी, दहाला एकशे अठरा आणि अकराला एकशे एक. हा तिसरा कोण ते मला सांगू नका, सांगितलंत तर लिहावं लागेल. मंगळवारी त्यालाही आणा.